लेकरांच्या जागेतली टिटवी

२ एप्रिल २०२५

शेळी सुटली! आणि गेली कुठे, तर नाल्यापलीकडे, लेकरांच्या जागेत. दात न आलेलं लेकरू आमच्या गावात जाळत नाहीत, पुरतात. त्याची ही जागा. बाया तिकडे जात नाहीत. पुरायलाही नाही, नंतरही नाही. मी एकतीस वर्षांत गेले नव्हते. आज शेळीनं नेलं.

वाटायचं, तिथे सगळं भकास असेल. तर नाही! तरवड पिवळाजर्द. कडुलिंब फुलोऱ्यानं पांढरा झालेला, वास थेट नाल्यापर्यंत. गुळवेलीला पान नाही, नुसती लाल फळं. दगडांचे लहान लहान ढीग. कोल्ह्यानं उकरू नये म्हणून रचलेले. किती लहान ढीग!

यातला माझा कोणता?

मंजुळा एकोणीस दिवसांची होती. श्रावण होता. आमचे हे — पुंजाजी — तिला फडक्यात गुंडाळून घेऊन गेले आणि रिकाम्या हातानं आले. मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. पुढे जीवन झाला, मोठा झाला, नोकरीला लागला. तरी नाही.

३ एप्रिल

आज शेळी सुटली नव्हती. तरी गेले.

५ एप्रिल

टिटवी! दोन ढिगांच्या मधल्या खड्ड्यात तीन अंडी. मातीच्याच रंगाची, काळे ठिपके. पाय पडणार होता माझा. ती एवढी ओरडली की मीच माफी मागितली तिची!

अंगणवाडीत बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या लेकरांची वजनं लिहिली. सवय जात नाही. म्हणून इथंही लिहिते — मुंगूस एक. घोरपड एक, दगडावर ऊन खात. होल्यांची जोडी. सातभाई सात नाहीत, नऊ आहेत.

९ एप्रिल

ह्यांनी विचारलं, "रोज कुठी जातं वं तू सकायी?"

"शेळीले पाला आणाले."

खोटं बोलले. शेळीपुढे पाला नव्हता हे त्यांना दिसत होतं.

१४ एप्रिल

दुपारी ऊन फार. टिटवी नाल्यातल्या डबक्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसते. थंड करते त्यांना! बघत बसले. मंजुळाला ताप होता तेव्हा मीही पदर भिजवून तिच्या अंगावर ठेवायची.

पुढचं लिहवत नाही.

१७ एप्रिल

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागला. लेकरांच्या जागेचं सपाटीकरण, सिमेंटचे गट्टू बसवणे, टिनाचं शेड. सरपंच सुचिता. माझ्याच अंगणवाडीतली पोर, आता साडीची पिन नीट लावून मीटिंगा घेते. तिच्या घरी गेले.

म्हणाली, "बाई, तथी नुसतं काटंकुटं आहे. साप निघतात. लोकायले बसाले जागा नको?"

मी म्हटलं, "टिटवीची अंडी हायेत."

ती हसली. वाईट नाही हसली. पण हसली.

खरं कारण तोंडातून निघालंच नाही.

१८ एप्रिल

ह्यांना सांगितलं, तुम्ही चला माझ्यासोबत, पंचायतीत दोन शब्द बोला. म्हणाले, "जाऊ दे नं. जमीनच आहे ते." आणि बैलाकडे निघून गेले.

जमीनच आहे! रात्रीचं जेवण वाढलं, पण बोलले नाही.

२१ एप्रिल

आज जेसीबी आला. आवाज ऐकला आणि चप्पल न घालता पळाले.

टिटवी माझ्या आधी उभी! पंख पसरून, एवढ्या मोठ्या लोखंडापुढे. एकदा तर काचेवर झेपावली. चालवणारा कुलदीप, नांदुऱ्याकडचा. त्यानं मशीन बंद केली, खाली उतरला.

"मावशी, हे पाखरू बाजूले होऊनच नाही राह्यलं."

"तिची लेकरं हायेत तिथं," मी म्हटलं. आणि मग निघालंच तोंडातून, "माही बी आहे."

तो डोक्याचा रुमाल काढून नुसता उभा राहिला.

कोणीतरी फोन केला, सुचिता आली. तिच्या मागे चार माणसं. तेवढ्यात नाल्याच्या काठावरून काठी टेकत गोजरबाई येताना दिसली. ऐंशीच्या वर वय, रस्ता ओलांडायला माणूस लागतो तिला. एकटी आली.

"माह्ये दोन हायेत," ती म्हणाली. "जुळे होते. सासू म्हने रडू नको, दुसरे होतीन. झाले बी. पन ते दोन ते दोनच ना वं!"

मग एकेक बाई येत गेली. कोणी धुणं टाकून, कोणी पिठाचे हात घेऊन. अकरा जणी मोजल्या मी. कुणाला आपला ढीग माहीत नाही. बसल्या जिथे जागा मिळाली तिथे. रडारड नाही झाली फारशी. नावं घेतली. काहींना नावच ठेवलेलं नव्हतं, त्यांच्या आया नुसत्या "माहा पोरगा", "माही पोरगी" म्हणाल्या.

सुचितानं चपला काढल्या. मग कुलदीपला म्हणाली, "दादा, मशीन वापस ने."

२४ एप्रिल

सभा झाली. शेड रस्त्याकडच्या मोठ्या मसणवट्यात होणार. लेकरांची जागा आहे तशीच राहणार. ठराव लिहून घेतला, मी दोनदा वाचला.

हे सभेला आले होते. मागे बसले, हात वर केला. घरी येताना माझ्याकडे पाहिलं नाही.

३० एप्रिल

फुटली अंडी! तिन्ही! पिल्लं म्हणजे नुसते पाय लावलेले कापसाचे बोळे. एक तर डोक्यावर टरफलाचा तुकडा घेऊनच पळत होतं. गोजरबाईला हात धरून दाखवायला नेलं. तिला दिसलं की नाही कोण जाणे. म्हणाली, "धावते काय वं? धावू दे."

एक ढीग मी माझा मानला आहे. तरवडाच्या खालचा. त्यावरचा पाला झाडला. आता एवढ्यानं भागेल माझं.

४ मे

संध्याकाळी हे जवळ येऊन बसले. म्हणाले, "जीवनच्या माय, ते तथी नाही."

मला कळलंच नाही.

"नाल्याले पूर होता त्या दिवशी. खड्डा खंदला की पानी भरे. पान्यात कसा ठेवू मी तिले? आपल्या वावरात नेली. धुऱ्यावरच्या हिवराखाली. बाप रागावीन म्हून कोनाले बोललो नाही. मंग बोलताच नाही आलं."

बांधावरचा तो हिवर! एकतीस वर्षं मी दुपारची भाकर तिथेच बसून खाते. दुसरीकडे बसायला लागले की हेच म्हणायचे, अथीसाच बस, सावली चांगली आहे.