ऐकण्याची खोली

६ जानेवारी १९८६

कॉइल गुंडाळणं सुटलं एकदाचं. दोन वर्षं ती केसासारखी तांब्याची तार बघून डोळे जायची वेळ आली होती. सकाळी रामनाथ साहेब लाइनवर आले, म्हणाले, "सुलू, हातातलं ठेव, माझ्याबरोबर चल." ते क्वालिटीचे साहेब. कंपनीत बनलेला प्रत्येक स्पीकर बाहेर पडायच्या आधी त्यांच्या खोलीतून जातो. तिथे बाया तो कानानं तपासतात. बाया म्हणजे दोनच. एक आनंदीताई, दुसरी आजपासून मी. माझ्या आधीची लग्न होऊन नाशिकला गेली.

खोली लहान. भिंतींना आणि दाराला आतून काथ्याच्या गाद्या ठोकल्यात. दार लावलं की कारखाना बंद पडल्यासारखा वाटतो, आपलाच श्वास ऐकू येतो. स्पीकर खाचेत बसवायचा, दोन तारा लावायच्या, बटण फिरवायचं. खालच्या घुमणाऱ्या सुरापासून वर शिट्टीपर्यंत आवाज चढत जातो. मध्ये कुठे खरखरला किंवा फडफडला तर बाद.

मी तेरा पास केले. आनंदीताईंनी त्यातले पाच परत काढले. म्हणाल्या, "सूर नको ऐकू. सुराच्या खाली काय हाय ते ऐक."

सुराच्या खाली मला काही ऐकू आलं नाही.

९ जानेवारी

आज आलं. एक बारीक घासल्यासारखा आवाज, चपलेखाली वाळू यावी तसा. आत कॉइल चुंबकाला लागत होती. आनंदीताईंनी नुसती मान हलवली. बरं वाटलं.

आनंदीताई सातपाटीच्या. कंपनी सुरू झाली तेव्हापासून इथे, परमनंट. नवरा बोटीवर जायचा, कंबर गेल्यापासून घरीच. चिमी नावाची मुलगी आहे, दहावीला. बोलतात कमी. या कामाला बडबड्या बाईचा उपयोग नाही म्हणतात.

१७ जानेवारी

शुक्रवार, सुट्टी. माझ्याबरोबर राहणारी शालू आणि मी मिळून आमची भाड्याची खोली धुतली. कपडे वाळत घालताना शालू म्हणाली, तुझ्या बाबांचं पत्र आलंय, उशाखाली ठेवलंय, मुद्दाम सकाळी दिलं नाही. शहाणी आहे.

पत्रात तेच. सासरची माणसं गावी, माहीमला बाबांकडे येऊन गेली. झालं गेलं विसरून पाठवा म्हणाली. नवरा हात उगारतो हे बाबांना माहीत आहे. पाठीवरचे वळ आईनं त्यांना दाखवले होते. तरी लिहितात, बाईमाणसानं सालवडला भाड्याच्या खोलीत किती वर्षं राहायचं. तुझी नोकरी ती काय, सहा महिन्यांनी ब्रेक, पुन्हा नवं कार्ड. पक्की असती तर गोष्ट वेगळी.

पक्की असती तर.

२३ जानेवारी

साहेबांना सरळ विचारलं, मला परमनंट कधी करणार. चांगला माणूस आहे, खोटी आशा दाखवत नाही. म्हणाले, "त्या खोलीत पक्की जागा एकच. ती आनंदीबाईंची."

२९ जानेवारी

एक गोष्ट लक्षात आली. लिहू की नको असं झालं, पण इथे कोण वाचतंय.

आनंदीताई नेहमी डावी बाजू भिंतीकडे करून बसतात. डावीकडून हाक मारली तर ओ देत नाहीत. मला वाटायचं, कामात असतील. आज मी त्यांच्या मागून डाव्या बाजूला उभी राहून तीनदा बोलले. त्या बटण फिरवत राहिल्या. आणि सूर वर चढला की दोन बोटं स्पीकरच्या कागदी पडद्याच्या कडेला हलकेच टेकवतात. आधी वाटलं सवय असेल. सवय नाही. वरचं त्यांना ऐकू येत नाही, त्या बोटानं ऐकतात.

पण चूक होत नाही. मी आज त्यांचे वीस पुन्हा लावून बघितले, त्या चहाला गेल्या तेव्हा. वीसच्या वीस बरोबर होते.

३ फेब्रुवारी

सर्दी. कानांत दडे बसलेत. डोकं पाण्यात बुडवल्यासारखं.

५ फेब्रुवारी

तेच. रजा घेतली तर कार्ड जाईल. लिंबाचा वास घेते नि बसते. अंधेरीच्या टेपरेकॉर्डर कंपनीचा माल घाईचा आहे. जे अगदी फाटक्या आवाजाचे होते ते काढले, बाकीचे सोडले.

८ फेब्रुवारी

आज जरा मोकळं. डावा कान उघडला. आनंदीताईंनी घरून ओव्याची पुरचुंडी आणून दिली होती, तव्यावर गरम करून शेकायला. "सांगितला का नाय?" म्हणाल्या. "मी केला असता तुझा काम." मी म्हटलं, काही नाही, साधी सर्दी.

१२ फेब्रुवारी

बाबांचं पत्र. होळीच्या आधी न्यायला येतो, सामान बांधून ठेव. यात विचारणं नाहीच, नुसतं सांगणं.

१३ फेब्रुवारी

सांगितलं.

मुद्दाम गेले नव्हते. साहेबांच्या टेबलावर रिपोर्ट ठेवायला गेले. त्यांनी विचारलं, काय गं, चेहरा का उतरलाय. मी म्हटलं, काही नाही. मग तोंडातून निघालं, "आनंदीताई वरचा सूर बोटानं बघतात. डाव्या कानानं त्यांना ऐकू येत नाही बहुतेक." साहेब म्हणाले, "तुला खात्री आहे?" मी हो म्हटलं.

त्यांचे वीसच्या वीस बरोबर होते, ते सांगितलं नाही.

१६ फेब्रुवारी

काहीच झालं नाही. आनंदीताई नेहमीसारख्या. मला डब्यातली सुक्या करंदीची चटणी दिली. साहेब विसरले असतील. विसरले असले तर बरं, असं निम्मं मन म्हणतं.

२० फेब्रुवारी

अंधेरीचा माल परत आला. पाच खोकी, एकशे वीस स्पीकर. टेपरेकॉर्डरमध्ये बसवले नि खरखरायला लागले. साहेब मुंबईला त्यांच्याकडेच गेलेत, शनिवारी येऊन खोकी उघडणार. तपासणाऱ्या बाईच्या नंबरची कागदी चिठ्ठी प्रत्येक स्पीकरला मागे चिकटवलेली असते. चार नंबर आनंदीताईंचा, सात माझा.

मला माहीत आहे कोणाचे असणार. सर्दीचे दिवस आहेत ते. टेंपररीला विचारत नाहीत, गेटवर कार्ड ठेवून घेतात.

दुपारी आनंदीताई डोकं दुखतं म्हणून खोलीतून गेल्या त्या सुटेपर्यंत आल्या नाहीत. मी एकटीच बसले होते. एकटीनं बसलं की खोली फार लहान होते.

२२ फेब्रुवारी

सगळे चार नंबर.

साहेबांनी स्टोअरमध्ये आम्हा दोघींसमोर खोकी उघडली. एकेक उलटा करून बघितला. चार, चार, चार. आनंदीताई म्हणाल्या, "माझेच हायत." एवढंच. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, नऊ दिवसांपूर्वी मी जे बोलले ते आठवल्यासारखं. मी खाली बघितलं.

म्हणजे मी त्या दिवसांत बरोबर काम केलं तर. खरं लिहायचं तर सुटल्यासारखं वाटलं. आणि वाटलं, मी साहेबांना खोटं काही सांगितलं नव्हतं.

२५ फेब्रुवारी

आनंदीताईंना पॅकिंगला टाकलं. परमनंट आहेत म्हणून काढत नाहीत, साहेब म्हणाले. जाताना ताईंनी मला जवळ बोलावलं, माझी दोन बोटं धरून स्पीकरच्या कडेला टेकवली नि सूर चढवला. "कान फसतो. सर्दी होते, झोप येते. बोटाला सर्दी होत नाय." मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

३ मार्च

पत्र मिळालं. कंपनीचा शिक्का, साहेबांची सही. ऐकण्याची खोली, पक्की नोकरी. शालूनं पेढे आणले. मी दोन खाल्ले.

१६ मार्च

बाबा आले. पिशवीत वाडीतली केळी, विड्याची पानं. सामान बांधलेलं नाही हे बघून चिडले. मी पत्र पुढे केलं. चष्मा काढून, पुसून, दोनदा वाचलं. मग विचारलं, "हे कायमचं?" मी म्हटलं, हो. चहा घेतला. म्हणाले, "त्यांना काय सांगायचं ते मी सांगतो." संध्याकाळच्या गाडीनं एकटेच परत गेले. जाताना डोक्यावर हात ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदा.

दिवसभर रडू येत होतं. वाईट वाटलं म्हणून नाही.

२९ मार्च

आनंदीताई काम सोडून गेल्या. दिवसभर उभं राहून खोकी उचलायची, गुडघे सुजले होते. मला कळलं तेव्हा त्यांची बस गेलेली. पॅकिंगमधली बाई म्हणाली, हिशोब घेतला नि गेली, कोणाला काही बोलली नाही.

९ एप्रिल

साहेबांनी सांगितलं, अंधेरीच्या परत आलेल्या मालातले जे दुरुस्त होतील ते वेगळे काढ. स्टोअरवाले गोमाकाका खोकी घेऊन आले. म्हणाले, "चिठ्ठ्या सुटायला लागल्यात बघ. तरी आनंदीबाईंनी चांगली खळ लावली होती."

मी विचारलं, कधी?

"माल आला त्या दिवशी. दुपारभर बसल्या होत्या माझ्याकडे. जुन्या चिठ्ठ्यांवरचे नंबर पुसलेत म्हणाल्या, साहेब यायच्या आत नव्या लावते."

मी एक स्पीकर उलटा केला. चार नंबरची चिठ्ठी नखानं सोलली. खाली दुसरी चिठ्ठी. सात. अक्षर माझं. दुसरा घेतला. सात. तिसरा. सात. गोमाकाका काय झालं विचारत होते. मी म्हटलं, धूळ गेली डोळ्यात.

एकशे वीसपैकी नव्वद सोलून बघितले नि थांबले. सगळे सात.

११ एप्रिल

सातपाटीला गेले. विचारत विचारत घर सापडलं. आनंदीताई अंगणात बोंबलांच्या जोड्या वाळवायला बांबूच्या वलांडीवर टाकत होत्या. मी डाव्या बाजूनं आले म्हणून कळलं नाही. समोर गेले तेव्हा हसल्या. "ये. बस. हात लावू नको, वास लागेल."

मी पर्समधून सोललेली चिठ्ठी काढून दाखवली. त्यांनी बघितली, परत दिली.

"का केलंत ताई?"

"तू टेंपररी. तुला त्याच दिशी घरी धाडली असती. घरी म्हंजे कुठं ते तूच सांगितलेला ना, जेवणाच्या सुट्टीत शेंगा सोलताना. माझा काय, मी परमनंट. पॅकिंगला टाकतील, एवढाच."

"पण तुम्हाला तर काम सोडावं लागलं."

"गुडघ्यानं सोडायला लावला. तुझ्यानं नाय."

चिमी चहा घेऊन आली. परीक्षा झाली म्हणे, पेपर बरे गेले. मी कप हातात धरून बसले. सांगायचं होतं की मी तुमच्या कानाचं साहेबांना बोलले, माल परत यायच्याही आधी. तोंड उघडलं नि म्हटलं, चहा छान झालाय. निघताना त्यांनी वर्तमानपत्रात बोंबील बांधून दिले.

बसमध्ये ठरवलं. त्यांना माहीत नाही, तर नसू दे. पण साहेबांना चिठ्ठ्यांचं तरी सांगायचंच.

१४ एप्रिल

साहेबांना सांगितलं. सगळ्या चिठ्ठ्या दाखवल्या, पक्क्या नोकरीचं पत्र त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी पत्राला हात लावला नाही. मग म्हणाले, "तू बोटाचं बोललीस ना, ते मी आनंदीबाईंना विचारलं होतं. सुलू असं असं म्हणते, खरं का? त्या म्हणाल्या, खरा हाय साहेब, पोर खोटा बोलत नाय."

मी विचारलं, कधी विचारलंत? त्यांनी डायरी उघडली. पंधरा फेब्रुवारी.

माल आला वीसला. नव्या चिठ्ठ्या लागल्या त्याच दुपारी.