दहा की पंच्याण्णव

आप्पा, अर्जात वय अक्षरी लिहायचं हा तुमचा नियम मी मास्तरीण झाल्यावर आयुष्यभर वर्गात शिकवला, आणि दर वेळी मला तुमचाच राग आला.

तुम्ही आष्टीच्या शाळेत मास्तर, निजामाच्या राज्यात मराठी पोरांना उर्दू शिकवणारे. मला जालन्याच्या मुलींच्या शाळेत घालायचं म्हणून अर्जही वळणदार उर्दूत लिहिलात. फक्त वयाचा आकडा हाताच्या सवयीनं मराठी पडला: १०. आपला एक उर्दूतल्या नवासारखा दिसतो, आपलं शून्य उर्दूतल्या पाचासारखं. परतूरहून रेल्वेनं आपण जालन्याला गेलो. शाळेच्या कचेरीतला कारकून कागद वाचून हसला. "मास्टरसाब, लडकी की उम्र पंचानवे?" तुम्हीही हसलात, दुरुस्तीसाठी दौत मागितलीत. तो म्हणाला, "खाडाखोड नहीं चलती. नई अर्जी भी नहीं, दाखिले आज बंद. अगले साल आओ." दाराशी उभा चपराशी हळूच बोलला, "साब, बच्ची सामने खडी है." कारकुनानं मान वर केली नाही.

मी म्हणाले, "मी दहाची हाय. दिसत न्हाई का तुमाला?" तर तुम्ही मलाच दटावलंत, "गप बस, बिलकुल बोलू नको." आणि त्याच्यापुढं हात जोडलेत. "गलती मेरी है."

कसली गलती, आप्पा? गावी येऊन तुम्ही फळ्यावर लिहिलंत: माणसाचं वय, माणसांची संख्या अक्षरी, तारीख, शेताचा नंबर आकड्यात, रक्कम दोन्ही प्रकारे. नियम चांगलाच आहे. पण तुम्ही तो असा शिकवलात, जणू सगळा गुन्हा त्या आकड्याचा. समोर उभी पोर ज्याला दिसत नाही, त्याला अक्षरी 'दहा' तरी काय दिसणार होतं? त्याला एक शब्द सुनवायचा सोडून तुम्ही आम्हा पोरांच्या वह्या तपासत बसलात. पुढच्या साली आई आजारी पडली, जालना राहिलंच. मी तुमच्याच हाताखाली शिकले, आणि तुम्ही शेवटपर्यंत म्हणत राहिलात, "माझ्या हातानं तुझं नुकसान झालं." हे आठवलं की मी अजून चिडते.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. त्या दिवशी जालन्याला शाळेच्या बोर्डिंगात एकटीनं राहायची मला भीती वाटत होती. 'अगले साल' कानावर पडलं, तेव्हा राग यायच्या आधी मला हायसं वाटलं होतं. तुम्ही असताना हे सांगायला हवं होतं.