ओल्या लाकडाचा आवाज

फ्रिस्को, शनिवार, १७ जानेवारी

आज चिमणी साफ करणारा येऊन गेला. आमच्या ढिगातली दोन लाकडं उचलून त्याने एकमेकांवर आपटली, कान देऊन ऐकलं. बद्द आवाज. "वेट वुड," म्हणाला. मी मान डोलावली, वर "इंटरेस्टिंग!" म्हणालो.

लाज कशी नाही वाटली मला?

काल फायरप्लेस पेटवायच्या आधी आईनेही हेच केलं होतं. दोन लाकडं, तोच बद्द आवाज. "अरे, ओली आहेत. धूर होईल." अर्धं आयुष्य चुलीपुढे गेलेली बाई, आणि मी तिला लेक्चर दिलं: डॅम्पर म्हणजे धुराड्याची झडप, ड्राफ्ट म्हणजे धूर वर ओढणारी हवा. "इथलं तुला नाही कळायचं, आई. लाकडं सीझन्ड आहेत, म्हणजे वाळवलेली. गठ्ठ्यावर लिहिलंय." मग घरभर धूर, अलार्म बोंबलतोय, आई खोकत बाहेर पॅटिओवर, त्या थंडीत. आणि मी? डॅम्परच हलवत बसलो.

संध्याकाळी तिने विचारलं, "तो माणूस इंग्रजीत काय म्हणाला रे?"

"लाकडं ओली आहेत म्हणाला."

"हो का?" आई म्हणाली. "हुशार दिसतो."