ज्वालामुखीचे काळे मणी

बॉथेल (अमेरिका), १२ मार्च १९८६

चि. सौ. कांचनला ताईचे अनेक आशीर्वाद. तुझी कंबर आता कशी आहे? वाकून फरशी पुसत जाऊ नकोस बाई. (मी वाकले, म्हणून तर हे पत्र.)

कांचन, मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय. आमची सुजाता इथे कॅडिसफ्लाय नावाच्या किड्यावर पीएचडी करतेय, ते तुला ठाऊक आहेच. मोठा झाला की पतंगासारखा, मातकट, लांब मिशांचा. कौतुक करावं असं रूपात काही नाही. पण त्याची अळी पाण्यात काड्या, वाळू, मिळेल ते चिकटवून अंगाभोवती घर बांधते. अलास्का, कॅनडापासून इथल्या ओढ्यांपर्यंत, गारठलेल्या पाण्यातच राहते. म्हणून तिचा टब गॅरेजमध्ये, आणि मला हात लावायला बंदी. मी नुसतं कडेचं शेवाळ पुसायला वाकले गं, आणि माझं मंगळसूत्र वाढलं! वाट्या सापडल्या, बरेच मणी सापडले, बाकीचे तळाशी गेले. असलं कुणी तोंडाने बोलतं का? सापडलेले शिवणाच्या दोऱ्यात ओवले, पदर ओढून घेतला आणि गप्प बसले.

पुढे एक अळी काळंभोर, चकचकीत घर अंगावर घेऊन हिंडायला लागली. सुजाता नाचायचीच बाकी होती. तिचे गाईड धावत आले. असं घर या भागात कुणी पाहिलंच नव्हतं म्हणे! पाच-सहा वर्षांपूर्वी इथला ज्वालामुखी फुटला, त्याचेच हे खडे, असं ठरलं. मासिकात छापायचंही ठरलं. (मी पोहे वाढत होते.) मग गाईडनी भिंग लावलं, तर प्रत्येक खड्याला भोक! त्या भोकांवर दोघं इतका वेळ बोलली की पोहे गार झाले. सुजाता टाइपरायटर घेऊन बसली, तेव्हा मात्र मला राहवेना. पदर बाजूला केला. इंग्रजी सुचेना, नुसतं गळ्याकडे बोट दाखवलं.

गाईड खो खो हसले. सुजाता नाही हसली. "आई, हे छापून आलं असतं तर?" एवढंच म्हणाली, आणि तेव्हापासून अबोला. पोरीचं नाव मीच घालवायला निघाले होते गं. तिच्यासमोर जेवायला बसायचीही लाज वाटते.

तुझी,
सुमित्राताई

ता. क. : काळ्या मण्यांची पोत पार्सलने पाठव. तिकडे तुझ्या भाऊजींना यातलं अक्षर कळू देऊ नकोस.

पुन्हा ता. क. : त्या अळीने घराची दोन्ही तोंडं बंद करून घेतलीत. आता आत तिचा पतंग होणार, तेव्हा ते मणी तिचेच.

आणखी एक : पाकीट चिकटवत होते, तर सुजाता मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "मावशीला लिही, मणी जरा जास्त पाठव. टबातल्या आणखी दोघींचं घर अजून अर्धवट आहे. लाल असले तरी चालतील, आई."