मेपलची वाकडी फांदी

७ मे
आजपासून रोज दुपारी तीन ते चार, मागच्या बागेत बसून ऊन-सावलीचं सौंदर्य अनुभवायचं. रिटायर होऊन महिना झाला. ट्यूबलाइटच्या कंपनीत अडतीस वर्षं काढली. उजेडातलं माझ्याइतकं कळणारा माणूस अख्ख्या क्योतोत नसेल. निरोपसमारंभात मिळालेला उजेड मोजायचा मीटर अखेर कामी येणार.

८ मे, दुपारी ३.१०
व्हरांड्यात कागदी दारांकडे पाठ करून बसलो. शेवाळावर ऊन: चार हजार. सावली: सातशे. सौंदर्य म्हणजे या दोहोंतला फरक, अर्थात तेहेतीसशे. इतकं सोपं आहे, पण कुणी मोजत नाही.
३.२५ ला डोळे मिटून अनुभव घेतला. ४.५० ला शिगेनोने हलवून उठवलं. बायकोला एकाग्रता कळत नाही.

१३ मे
चार दिवस खाडा. एक दिवस पाऊस, एक दिवस कंबर. बाकी दोन दिवस टीव्हीवर सुमोच्या कुस्त्या. त्या नेमक्या दुपारीच का ठेवतात?

१४ मे
बागेची किळस आली. शेवाळावर शेजारचं मांजर घाण करून गेलं. पानापानावर सुरवंट. आणि ती मेपलची डावी फांदी! रांगेत कोपर खुपसून घुसणाऱ्या माणसासारखी घराकडे आडवी आलीय. तिच्याखाली मीटर सहाशेच्या वर जात नाही. सगळा उजेड एकटी खाते.

१८ मे
माळी कुमेजी आला. दहाला चहा, तीनला चहा, मधल्या वेळात कमरेवर हात ठेवून झाडाकडे बघत उभा. दिवसभरात टोपलीभर पानंसुद्धा काढली नाहीत. आमच्या कंपनीत असता तर दुसऱ्या दिवशी घरी गेला असता.
वाकडी फांदी काप म्हटलं. म्हणाला, त्याच्या वडिलांच्या वेळेपासून ती मुद्दाम राखलीय, आणि ती बागेतून बघायची नसतेच. मग काय टोकियोहून बघायची? शिसारी आली या लोकांच्या गूढ बोलण्याची.

२२ मे
शिगेनोला चहाविधी शिकवणाऱ्या ओगुराबाई ३० तारखेला येणार. दरवर्षी एकदा येतात. वय एक्क्याण्णव. डोळे गेल्यात जमा. चेहरे दिसत नाहीत, रंग दिसत नाहीत, पांढऱ्यावर काळं तेवढं कळतं. शिगेनो म्हणाली, बहुतेक ही त्यांची शेवटची खेप, काही कमी पडायला नको.
तरी या दोघी कागदी दारं लोटून आत बसणार! समोर बाग असताना! उलट त्या म्हातारीला भरपूर उजेड मिळायला हवा. डोक्यात एक योजना आहे. शिगेनोला सांगायचं नाही. सरप्राइज.

२८ मे, सकाळी ११.४०
फत्ते. शिगेनोने काल दारांना नवा पांढरा कागद लावला. आज ती बाजारात गेली आणि मी करवत काढली. दीड तास लागला. तळहाताला फोड, फांदी पडून दोन कुंड्या फुटल्या. पण मीटर नऊ हजार! आमच्या शोरूममध्येसुद्धा एवढा नव्हता.

२८ मे, दुपारी ४
शिगेनो ओरडली नाही. मला आत नेऊन बसवलं आणि दारं लोटली. ऊन पडलेलं होतं. दारांवर कोरा कागद.
म्हणाली, "अहो, बाई चहा प्यायला येत नाहीत. या कागदावर त्या फांदीची सावली पडते, ती बघायला येतात. तेवढंच दिसतं आता त्यांना."
आधी सांगायचं, म्हटलं. तर म्हणे, चाळीस वर्षं सांगतेय.
नंतर ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. मला जेवण गेलं नाही. कुंड्यांचं काहीच बोलली नाही.

२९ मे
फांदी सुकू नये म्हणून न्हाणीघरातल्या टबात ठेवलीय. काल आंघोळ नाही, आज नाही. स्वतःच्याच वासाची किळस येतेय. कुमेजीला बोलावणं गेलं. तो कपडे वाळत घालायच्या बांबूला फांदी बांधून बघतोय. दोघं मध्येच माझ्याकडे बघतात आणि हळू आवाजात काहीतरी ठरवतात. मला उकिडवं किती वेळ बसता येतं, असं विचारलं. कितीही वेळ, म्हणालो.

३० मे, संध्याकाळी
तीन ते पावणेचार व्हरांड्याच्या कडेखाली उकिडवा बसून बांबू उभा धरला. डोकं वर काढायचं नाही, नाहीतर तेही दारावर उमटेल. हाताला चौदा डास चावले. पायाखाली मांजराचं तेच. समोरच्या दगडावर कुमेजी तीनचा चहा पीत बसला होता आणि बोटाने खुणा करत होता, जरा डावीकडे, जरा वर.
आतून बाईंचा आवाज आला, "शिगेनो, आली गं फांदी. दिसली मला."
शिगेनोने नाक ओढलं. मी बांबू आणखी घट्ट धरला.
मग बाई म्हणाल्या, "यंदा फार थरथरतेय. थकली बिचारी. आत बोलव तिला, चहा दे."
गेलो. गुडघे सरळ होईनात म्हणून रांगत गेलो. बाईंनी माझा हात चाचपून वाटी हातात दिली. शिगेनो, बाई, सगळे सावलीबद्दल बोलत होते. कुमेजीसुद्धा. मी चहा पीत राहिलो. मी ती सावली बघितलेली नाही.