तेर्नाचा भोंगा

बर्गन,
१२ जून १९८६

ती. बोर्गहिल्ड आत्यास,
सिन्नोवचा सा. न. वि. वि.

पदवीदान झालं. आपल्या घरातली पहिली पदवीधर म्हणून शेलमामाने बर्गनच्या अर्ध्या मासळीबाजाराला माझी ओळख करून दिली. आई रडली. बाबांनी प्रमाणपत्राला चौकट स्वतः केली, जुन्या होडीच्या फळीची.

आता खरी बातमी. बाबा गोदीतल्या नोकरीतून निवृत्त झाले, म्हणून आई, मामा आणि मी मिळून त्यांना फ्योर्डांची सफर भेट दिली आहे. येत्या रविवारी आम्ही चौघं ‘फ्रिगा’ जहाजाने निघतोय. ओलेसुंद, मग गैरांगर, आणि परतीच्या वाटेवर (इथे जरा बसून वाच) स्कार्व्हिक. फ्रिगा यंदा पहिल्यांदाच तुमच्या गावी थांबणार आहे, शनिवारी सकाळी. बाबांना हे अजून ठाऊक नाही.

चार वर्षं तुम्ही बहीणभाऊ बोलला नाहीत. गावाला बोगदा हवा असं तू सभेत उभी राहून सांगितलंस, बोगदा झाला, बाबांची फेरीबोट ‘तेर्ना’ बंद पडली आणि आम्ही बर्गनला आलो. मला एवढंच माहीत आहे. तुझा विषय निघाला की बाबा ‘स्कार्व्हिकच्या बाई’ म्हणतात. आत्या, ऑगस्टमध्ये मी उत्तरेकडे शाळेत शिकवायला जाणार. स्वतःच्या घरातली दोन माणसं एका टेबलाशी बसवता आली नाहीत, तर वर्गातल्या मुलांना मी काय शिकवणार? बाबांशी काय बोलायचं ते मी जुळवून ठेवलंय. मुद्देसूद आहे. त्यांना किनाऱ्यावर आणणं माझ्याकडे लागलं. तू फक्त दार उघडं ठेव आणि उत्तर ओलेसुंदच्या पोस्टात पाठव.

ऑयविन आतोबांना नमस्कार. माझ्यावर तुझा लोभ आहेच. त्यातला थोडा बाबांसाठी काढून ठेव, ही विनंती.

तुझी भाची,
सिन्नोव


स्कार्व्हिक,
१४ जून

चि. सिन्नोव हिस,
आत्याचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आतोबांनी विचारलं, हल्ली विद्यापीठात भांडणं मिटवायचा विषय असतो का. मी म्हटलं, असता तर आपली पोरगी त्यात नापास झाली असती, इतकी ती सरळ आहे.

आमच्या दाराला कुलूपच नाही, त्यामुळे अडचण दाराची नाही. तुझा बाप लहानपणी एकदा रुसून होड्यांच्या छपरात जाऊन बसला होता. आईने समजावलं, पाद्रीबाबांनी समजावलं. जितके शब्द जास्त तितका तो आत आत. शेवटी मी काही न बोलता त्याच्या होडीचा दोर खुंटाला चुकीचा बांधायला घेतला. लगेच बाहेर आला आणि मला म्हणाला, ताई, अशी गाठ मारतात का, सोड तो दोर.

तेर्ना आमच्या घराखालून जायची तेव्हा तुझा बाप, तोर्लैव, भोंगा द्यायचा, एक लांब आणि दोन आखूड. मी हातात येईल ते हलवायची, बहुतेक टेबलावरचा कपडा. सभेनंतर बोट बंद होईपर्यंत तेर्ना रोज खालून गेली, पण मुकाट. मी तरी खिडकीशी उभी राहायचीच. भोंगा बिघडला असेल, असं आतोबा म्हणायचे. मग त्यांनीही म्हणणं सोडलं.

तुमच्या जहाजासाठी गावात धावपळ चालली आहे, आणि स्वागत समितीची अध्यक्ष मी. आमचा धक्का लहान. फ्रिगा बाहेरच नांगर टाकेल आणि पाहुण्यांना किनाऱ्यावर आम्ही आणू. कशातून आणणार ते विचारू नकोस.

लोकरीचं आतून घालत जा, डेकवर वारं लागतं, तुझी आई योरुन हिलाही सांग. आणि आम्हा दोघांवरची माया मुद्दे न पाडता आहे तशी राहू दे.

तुझी आत्या


ओलेसुंद,
१७ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र पोस्टाच्या पायरीवरच वाचलं. नापास हा शब्द जरा लागला.

आपण प्रवासी आहोत हे बाबांना अजून पटलेलं नाही. प्रत्येक बंदरात ते कठड्याशी उभं राहून दोर कसा फेकतात ते बघतात आणि च्च करतात. काल त्यांनी जहाजावरच्या एका अधिकाऱ्याला नांगराबद्दल काही सुचवलं. तो बिचारा हो म्हणाला. एका जर्मन बाईंना ते जहाजाचेच नोकर वाटले आणि त्यांनी बाबांच्या हातात बॅग दिली. बाबांनी ती बाईंच्या खोलीपर्यंत नेली. आई चिडली, तर म्हणाले, ती बाई बॅग उलटी धरत होती, बघवेना.

आईचा जहाजाच्या स्वयंपाकावर विश्वास नाही. आज टेकडीच्या सगळ्या पायऱ्या चढून, ओलेसुंद आणि बेटं पायाखाली पसरलेली असताना, आम्ही घरून बांधून आणलेला ब्रेड आणि तपकिरी चीज खाल्लं. मामा निम्म्या पायऱ्यांवर बसून राहिला. त्याच्या मते तिथूनही गाव तेवढंच दिसतं.

उतरताना घोळ झाला. बसल्या बसल्या मामाने सफरीचा छापील कार्यक्रम काढला होता, आणि आम्हाला बघून त्याने तो कौतुकाने मोठ्याने वाचला. स्कार्व्हिक. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिथेच मुद्दे सुरू केले. दुसऱ्या मुद्द्यावर आले तेव्हा बाबा खालच्या वळणावर होते.

मग आईने मला बाजूला घेऊन सांगितलं. आतोबांना अर्धांगवायूचा झटका आला त्या रात्री वादळ होतं, तरी बाबा पलीकडच्या काठावरून डॉक्टर आणायला तेर्ना घेऊन दोनदा निघाले आणि दोनदा परत फिरले. सकाळी डॉक्टर आले तोवर आतोबांचा डावा हात कायमचा गेला होता. सभेत तू त्याच रात्रीची गोष्ट सांगितलीस, आणि बाबा मागच्या बाकावर होते. सगळ्या गावापुढे ताईने माझ्याकडे बोट दाखवलं, असं ते आईला म्हणाले, एकदाच. पुन्हा कधी नाही.

आत्या, तू तसं बोट दाखवलं होतंस का? जे असेल ते लिही. पुढचा मुक्काम गैरांगर. उत्तर काहीही असो, माझी तुझ्यावरची माया हलणार नाही.

सिन्नोव


स्कार्व्हिक,
१८ जून

चि. सिन्नोव हिस,
अ. उ. आ.

विचारलंस ते बरं केलंस.

त्या रात्रीची गोष्ट मी सांगितली. तोर्लैवचं नाव घेतलं नाही. वाटलं, सगळ्यांना ठाऊकच आहे. तिथेच चुकलं. नाव घेऊन पुढचं सांगायला हवं होतं.

मी आतोबांच्या उशाशी होते आणि खिडकीतून तेर्नाचे दिवे दिसत होते. दिवे बाहेर जायचे, लाटेआड बुडायचे, पुन्हा वर यायचे. मी देवाकडे काय मागत होते सांगू? डॉक्टर नाही. परत फिर रे, परत फिर, एवढंच म्हणत होते. दुसऱ्यांदा दिवे वळले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. एक हात गेला, पण नवरा राहिला आणि भाऊही राहिला. बोगदा मागितला तो याच्यासाठी, की पुन्हा कोणाच्या भावाला तसल्या पाण्यात निघायला लागू नये.

हे त्याला वाचून दाखवू नकोस. माझं मला सांगू दे. तू एकच कर. शनिवारी सकाळी तो डेकवर, डाव्या कठड्याशी असेल असं बघ. किनाऱ्यावर आणायची खटपट नको, कठडा पुरे. आणि मुद्दे तेवढे बॅगेत ठेव.

आतोबा सांगताहेत की एका हाताने झेंडा चढवायचा सराव चालू आहे, पदवीधर भाचीसाठी. त्यांचा आणि माझा जीव तुझ्यात आहे हे विसरू नकोस.

आत्या


गैरांगर,
१९ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

घाईत लिहिते, पोस्ट बंद होईल.

पत्र आईला दाखवलं. तिने ते दोनदा वाचलं आणि उठून काहीच कारण नसताना बाबांच्या कोटाचं बटण पक्कं केलं.

आज धबधबे पाहिले, बकऱ्या पाहिल्या, आणि बकऱ्यांचे फोटो काढणारे लोक पाहिले. मामाने लोकरीची टोपी घेतली. तिला शिंगं आहेत आणि तो ती जेवतानाही काढत नाही. बाबा प्रत्येक ठिकाणी उतरले, पण स्कार्व्हिकला मी खोलीत पडून राहणार, असं त्यांनी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना सांगून टाकलंय. कठड्याशीही येणार नाहीत. आई म्हणाली, पाठ दुखते का. तर म्हणाले, त्या दिवशी दुखेल.

तुझं पत्र मिळाल्यापासून मी एक शब्द बोललेले नाही. आई कपाळाला हात लावून ताप बघते. आत्या, खोलीला एक गोल खिडकी तेवढी आहे, तीसुद्धा उजव्या बाजूची. मला काही सुचत नाही. सुचेल तोवर तुझा हात माझ्या पाठीवर असू दे.

सिन्नोव


फ्रिगा जहाजावरून,
२१ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या घरून परत येऊन अजून कपडेही बदललेले नाहीत. पण तू फक्त शेवट पाहिलास, आधी काय झालं ते तुला कळायलाच हवं.

नांगर पडला तेव्हा बाबा खोलीत पडलेले होते. पायात बूट होते, एवढीच माझी आशा. मी दाराशी गप्प उभी. बाहेरून इंजिनाचा आवाज आला, ठक-ठक आणि मध्येच एक ठोका चुकलेला. बाबा उठून बसले. म्हणाले, हे शक्य नाही, ती भंगारात गेली. आणि माझ्या बाजूने वर निघाले. डावा कठडा त्यांनी स्वतःच शोधला.

खाली तेर्ना. नवा पांढरा रंग, तीच जुनी चिमणी, आणि सुकाणूशी चर्चमधला घंटा वाजवणारा गुडमुंड. तो आडवा आला आणि धडकला. मागे गेला, पुन्हा आला, पुन्हा धडकला. बाबांचं च्च सगळ्या डेकला ऐकू गेलं. त्यांनी वरून ओरडून सांगितलं, आधी वेग तोड, मग वळव. गुडमुंडने टोपी काढून हसून हात हलवला. तिसऱ्यांदा तेर्नाचं नाक फ्रिगाच्या अंगाला घासत गेलं तेव्हा बाबा म्हणाले, अरे, ती काय ढकलगाडी आहे का, आणि रांग मोडून शिडीकडे गेले. त्या जर्मन बाईंनी अदबीने वाट दिली. गुडमुंडला त्यांनी खांद्याने बाजूला सारलं आणि तेर्ना अशी लावली की मध्ये पोस्टकार्डही गेलं नसतं.

आम्ही सगळे चढलो. मी त्यांच्या शेजारी होते. तुझ्या घराखाली आलो तेव्हा त्यांचं लक्ष समोरच्या खडकावर होतं, आणि हात आपोआप वर दोरीकडे गेला. एक लांब भोंगा झाला. बाबा दचकले. हात तसाच दोरीवर राहिला. बोटीवर कोणी हललं नाही, मामाची शिंगंसुद्धा. मग बाबांनी वर तुझ्या घराकडे पाहिलं आणि उरलेले दोन आखूड भोंगे दिले. ते चुकून दिलेले नव्हते, आत्या. मी जवळून पाहिलं.

तुझा झेंडा फडकत होता. तू व्हरांड्यात होतीस. पुढचं तुला माहीत आहे, फक्त खालून ते कसं दिसलं ते सांगते. टेबलावरचा कपडा हवेत गेला, आणि त्याच्याबरोबर काहीतरी चमचमत गेलं. मामा म्हणाला, ती कॉफीची किटली होती.

धक्क्यावर तू धापा टाकत आलीस तेव्हा बाबांनी काय म्हटलं, ते मी विसरणार नाही. चार वर्षांनी पहिलं वाक्य, गुडमुंडच्या हातात बोट कोणी दिली, ताई? मग तुम्ही दोघं होड्यांच्या छपराकडे गेलात. तिथे काय बोलणं झालं ते मी विचारणार नाही. बाबा परत आले तेव्हा टोपी हातात होती आणि डोळे लाल होते. वारा फार आहे, असं म्हणाले. वारा नव्हता.

माझा एकही मुद्दा लागला नाही, याचं मला किती बरं वाटतंय. ज्या घरात मला अजून इतकं शिकायचं आहे त्या घरात मला नेहमी जागा असू दे.

तुझी नापास,
सिन्नोव


स्कार्व्हिक,
२४ जून

चि. सिन्नोव हिस,
अ. उ. आ.

व्हरांड्याच्या फटीतून अजून बिस्किटांचे तुकडे निघताहेत. सात प्रकार केले होते, लोणी-साखर लावलेल्या लेफ्से पोळ्या वेगळ्या. किटली जिरॅनियमच्या कुंडीत सापडली. आतोबांनी उजव्या हाताने एक कप वरच्या वर झेलला आणि तो आता ते कोणाला वापरू देत नाहीत.

तुला एक सांगते, बापाला सांगू नकोस. गुडमुंडला बोट उत्तम लावता येते. त्याला तोर्लैवनेच शिकवलं आहे. वाकडी लावायला मात्र त्याला आठवडाभर सराव करावा लागला. हाताला सवय नाही, म्हणायचा, सारखी सरळच जाते. रविवारी त्याने चर्चमध्ये माझ्याकडे बघणंसुद्धा टाळलं. तेर्ना भंगारातून सोडवायला सगळं गाव राबलं. ती परत पाण्यात आली, पण निदान उन्हाळ्यापुरता ती चालवायला ये, असं तोर्लैवला म्हणायला मला तोंड नव्हतं. आता आहे.

उत्तरेच्या मुलांना तू छान शिकवशील. अधूनमधून गप्प बस, बाकी तुझं सगळं चांगलं आहे. घर तुझंच आहे, ये.

आत्या


बर्गन,
२८ जून

ती. ताईस,
तोर्लैवचा नमस्कार.

मी पत्र लिहीत नाही, तुला माहीत आहे. थोडक्यात लिहितो.

तेर्नाचा भोंगा चिरका वाजतो. आत गंज असणार. पुढच्या आठवड्यात येऊन उघडून बघतो. योरुन बरोबर असेल. उन्हाळाभर राहायला लागलं तर राहू.

गुडमुंडला सांग, तिसऱ्यांदा त्याने जरा जास्तच केलं. मला पहिल्याच धडकेला कळलं होतं. असल्या गाठी मी लहान असल्यापासून तू मारत आली आहेस.

तू छपरापाशी सांगितलंस ते मी योरुनला सांगितलं. तिलाही बरं वाटलं.

आम्ही बोगद्यातून येऊ. लवकर पोचतो. घराखालच्या वळणावर गाडीचा हॉर्न देईन. त्याआधी टेबल मोकळं करून ठेव.

तुझा,
तोर्लैव