साड्यांचं कुंपण

७ डिसेंबर, रविवार
अनसिंगहून ताईकडं आलो, धनज गावाले. कोकणातून येऊन महिना नाही झाला तं पाय वळवळायला लागले. आई म्हणे, बस तरी जरा. नाही बसवत.
सकाळी काळवीट पाहाले निघालो. वाटेत बोरी लागल्या, बोरं खात बसलो, काळवीट राहून गेले. कोकणात समुद्राकाठच्या त्या जंगलात भरदुपारी अंधार. पुढचा माणूस दिसेना. तिथं खरंच टरकलो होतो. आपलं झुडपी रान मोकळं. जे आहे ते दिसते. भ्यायचं काय?
ताईच्या वावराभोवती यंदा साड्याच साड्या. डुकरं अन् रोही, म्हंजे नीलगायी, आत शिरू नयेत म्हणून इकडं सगळेच बांधतात. हलतं, रंगीत दिसलं की जनावर बिचकते. ताईनं गावभर फिरून जुन्या साड्या आणल्या. आत हरभरा, मधात तूर, कडेनं वांगी अन् सांबार. कोकणात याले कोथिंबीर म्हणतात. दुरून लग्नाचा मांडव वाटते.

९ डिसें., मंगळ.
नाल्यापलीकडच्या टेकडीवर बसलो होतो. वारा बंद. नाल्याच्या काठी गवत कमरेएवढं, त्याच्या मागं साड्या, सगळ्या लोंबत्या. एक हिरवी तेवढी फुगली. मग तिच्या बाजूची. मग तिच्या बाजूची. कोणी अंग घासत चालल्यासारखं. वासरू असन म्हटलं. मग गवतातून शेपूट वर आली. लांब, टोक वळलेलं.
आत ताई वाकून सांबार उपटत होती. दोघांच्या मधात एक साडी.
ओरडायला गेलो. आवाज निघाला नाही. तोंड उघडं, अन् काहीच नाही.
ते नाल्यात उतरून लांब गेलं तेव्हा पळत गेलो. ताई म्हणे, "काय रे विक्या, दम काहून लागला? कोणाची बोरं चोरली?"
बिबट म्हटलं तं भाऊजी हसले. "जंगलचे राजे, कुत्रं असन ते. कोकणातून आल्यापासून तुमाले सगळंच मोठं दिसून राह्यलं."
जेवण गेलं नाही.

१० डिसें., बुध.
टेकडीवर गेलो नाही. ताईसोबत वावरात. "आज लय काम सुचून राह्यलं तुले," ती म्हणे. वाकलो की मानेवर काही बसल्यासारखं वाटे. उठून उठून पाहायचो. चारी बाजूनं कापडच.
वांगी तोडायले खाली बसलो. निळ्या साडीच्या काठाखाली पाय. पिवळे, ठिपक्यांचे. पुढचे दोन. आमच्याकडं तोंड करून उभं. तोंड साडीमागं.
ताईचा हात धरला. तिनं पाह्यलं. ओरडली नाही. हळूच उभी झाली, मलेही उभं केलं, अन् मोठमोठ्यानं बोलायला लागली. वांग्यांबद्दल, भाचीच्या लग्नाबद्दल, काहीही. पाय मागं सरले.
घरी येईपर्यंत तिनं हात सोडला नाही. शाळेत सोडायची तेव्हासारखा घट्ट.

११ डिसें., गुरु.
भाऊजींनी नाल्याच्या रेतीत ठसे पाह्यले. आता हसत नाहीत. पण आडचं काही दिसत नाही, साड्या काढा म्हटलं की एकच, "एका रातीत डुकरं हरभरा उकरतीन. मंग काय खाशीन, बिबट?"
ताई म्हणे, "हरभरा परत पेरता येते. मले पेरता येते काय?"
भाऊजी स्वतःच उठले.
वनखात्याले फोन केला. येतो म्हणाले, तोवर एकटं जाऊ नका, वाकू नका. न वाकता सांबार कसं उपटायचं, ते विचारायचं राहिलं.
दिवस मावळायच्या आत नाल्याकडच्या सगळ्या साड्या सोडल्या. भाऊजी गाठी सोडत, आम्ही घड्या करत. निळीले मी हात लावला नाही.

१२ डिसें., शुक्र.
उजाडल्यावर तिघं गेलो. भाऊजी काठी घेऊन पुढं. नाल्याकडची बाजू उघडी, पार टेकडीपर्यंत नजर जाते. बरं वाटलं.
शेजारच्या वावरात डुकरांनी साड्या फाडून हरभरा उकरलेला. ताईचा जसाच्या तसा. एक रोप हललं नाही. भाऊजी खूश. "पाह्य, उगाच भेऊन राह्यलो होतो. इकडं डुक्कर फिरकलं बी नाई."
ताई बांधावरच थांबली. म्हणे, "इकडं साड्या तं नाहीत. मंग डुकरं कायले भेली?"
भाऊजींचं हसू तसंच राह्यलं तोंडावर. तिघंही तुरीकडं पाहत होतो. वावराच्या मधात उभी, डोक्याएवढी, दाट. तिच्यात नजर शिरत नाही.
तसेच मागं फिरलो. पाठ न करता.
उद्या बाजार. सांबार काढावंच लागते, अन् उरलेलं सगळं तुरीच्या कडेलेच. ताई म्हणे, आमी उपटू, तू उभा राहून मोठ्यानं बोलत राह्य. काय बोलायचं ते आत्ताच ठरवून ठेवतोय, तिथं सुचणार नाही. कोकणाचं सांगीन. समुद्राचं सांगीन.
आवाज निघाला तं.